फुटला होता, गळत नव्हता

आम्ही भावंडं वडिलांना दादा म्हणतो. दादा उमरी आणि नायगाव तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लातूरला घर बांधलं. आईचं माहेर तिथलं, म्हणून लातूर. घराला कर्ज काढलं ते माझ्या आणि त्यांच्या अशा दोघांच्या नावानं, कारण मी नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स आणि माझा पगार चालू. घर उभं राहिलं आणि थोड्याच वर्षांत आई गेली. धाकटा भाऊ हैदराबादला नोकरीला. दादा त्या घरात एकटेच उरले.

एकटे म्हणायचं, पण घर कधी रिकामं नसायचं. वरच्या मजल्यावर दादा राहायचे, आणि खालची लांब खोली त्यांनी वस्तीतल्या मुलींना अभ्यासासाठी देऊन टाकली होती. कुणी पोलीस भरतीची, कुणी तलाठ्याच्या परीक्षेची, कुणी नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करायची. घरात जागा नाही, शांतता नाही, अशा पोरी. दादांनी बाकं करून घेतली, पुस्तकं गोळा केली, आणि कुणाकडून काही घेतलं नाही. आमच्या घरात शिक्षणाला देवाच्या ठिकाणी मानतात. माझी आजी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची आणि पोराला मात्र शाळेत पाठवायची, त्यातून दादा मास्तर झाले. ते फेडायचं कुठं, तर असं, एवढंच ते म्हणायचे.

दादांच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आला. ऑपरेशन माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडं नांदेडला करायचं ठरलं. निघताना त्यांनी खालच्या खोलीला कुलूप लावलं आणि मुलींना सांगितलं, डोळा नीट झाला की येतो, तोवर घरी वाचा. गच्चीवरच्या दोन्ही टाक्या भरून ठेवल्या, कारण आल्यावर नळ कधी येईल याचा भरवसा नाही. लातूरचा माणूस गावाला जाताना दागिने एक वेळ विसरेल, टाकी भरायला विसरत नाही. ज्या वर्षी आमच्या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षापासून दादांना टाकी वाजवून बघायची सवय लागली होती. सकाळी गच्चीवर जायचं, टाकीवर बोटांनी टकटक करायची, पाणी कुठवर आहे ते आवाजावरून ताडायचं, मग चहा.

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यावर पट्टी, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही असं सगळं पथ्य सांगून त्यांना माझ्याकडं पाठवलं. आणि एका सकाळी लातूरहून अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे शेजारच्या किराणा दुकानाच्या मालकीण. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी मात्र हळू बोलल्या. "तुमच्या दाराखालून पाणी येऊन राहिलंय. लई येऊन राहिलंय. अभ्यासाच्या खोलीतून."

मी त्यांना म्हटलं, टाकीचा कॉक बंद करायला सांगा. त्यांचा मोठा मुलगा आपल्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर उतरला, त्यानं कॉक बंद केला. पण तोवर एक टाकी पार रिकामी आणि दुसरीत तळाला थोडंसं, असं त्यानं फोनवर सांगितलं. दोन टाक्यांचं पाणी घरात उतरलं होतं.

दादांना सांगू की नको, याचा विचार करायला वेळच मिळाला नाही, कारण ते माझ्या मागं उभे होते. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलंय म्हटलं, तर ते काळा चष्मा लावून चप्पल घालून दारात बसले. लोहा, अहमदपूर करत बस लातूरला पोचली.

दार उघडलं तर पाणी आमच्या पायांवरून बाहेर आलं. वरच्या मोरीच्या भिंतीत, गिलाव्याच्या आत, टाकीवरून खाली येणारा पाइप फुटला होता. पाणी भिंतीतून स्लॅबवर, स्लॅबमधून खालच्या खोलीत. छताचा गिलावा बाकांवर पडलेला. लाद्या उचललेल्या. विजेच्या बोर्डातून पाणी ठिबकत होतं. दारं फुगून चौकटीत अडकलेली. आणि भिंतीला लावलेल्या फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटलेली, काही खाली पाण्यात. दादा खोलीच्या मधोमध उभे राहिले. वाकायचं नाही म्हणून त्यांनी एकही पुस्तक उचललं नाही. नुसते बघत होते.

अक्का झाडू, बादल्या, दोन बाया घेऊन आल्या होत्या. मी त्यांना थांबवलं. वॉर्डात आम्हाला शिकवलेलं असतं, जखम धुण्याआधी ती कशी होती ते नीट बघून लिहून ठेवायचं. नंतर आठवत नाही आणि कुणी विश्वासही ठेवत नाही. मी मोबाइल काढला आणि प्रत्येक भिंतीचे, छताचे, लाद्यांचे फोटो घेतले. प्लंबरला बोलावून माझ्यासमोर भिंत फोडायला लावली आणि आतल्या पाइपाचेही घेतले. पाइप लांबीत चिरला होता, हाताची दोन बोटं जातील एवढा. फुटलेला तुकडा कापून काढला तो मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. मग म्हटलं, आता झाडा.

घराचा विमा होता. कर्ज देताना बँकेनं तो बरोबरच काढायला लावला होता, आणि आम्हीही सही केली होती. मी कागद काढून वाचले. आगीनं, पुरानं, वादळानं झालेलं नुकसान, आणि त्याच ओळीत पुढं, पाण्याच्या टाक्या, नळ, पाइप फुटून किंवा ओसंडून झालेलं नुकसान. मला इतकं हलकं वाटलं की मी ती ओळ अक्कांनाही वाचून दाखवली.

कंपनीचा सर्व्हेअर आला. तरुण मुलगा, बोलायला चांगला, पण त्याला त्याच दिवशी अजून कुठं कुठं जायचं होतं. त्यानं भरभर फोटो काढले. रस्त्याकडच्या बाहेरच्या भिंतीला खालून लोणा लागलेला आहे, पांढरी पूड सुटते, तिचा फोटो काढला. हे किती दिवसांपासून आहे, असं दादांना विचारलं. दादा खरं बोलणारे माणूस. म्हणाले, "घर बांधल्यापासून आहे. जमिनीचीच ओल आहे ती." त्यानं मान हलवली, लिहून घेतलं आणि चहा न पिता गेला.

काही आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. नुकसान पाइप अचानक फुटल्यामुळं नसून दीर्घकाळच्या गळतीमुळं आणि घरात राहणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळं झालेलं आहे, अशी गळती विम्यात धरली जात नाही. पत्र इंग्रजीत होतं. दादांचा डोळा अजून पूर्ण बरा नव्हता, म्हणून मी रविवारी लातूरला गेले तेव्हा त्यांना मराठीत सांगितलं. हलगर्जीपणा हा शब्द मी गाळला. पण मास्तरांपासून शब्द लपवता येत नाही. त्यांनी विचारलं, "देखभालीबद्दल काय लिहिलंय?" मग मला सांगावं लागलं.

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, त्याची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे मी पाणी वाहू दिलं."

मी म्हटलं, दादा, तसं नाही, ही कंपनीची भाषा असते. ते म्हणाले, भाषा मला शिकवू नको. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला परत जायला निघाले तेव्हा त्यांनी मला दारातच सांगितलं, की दुरुस्ती आपण आपली करू, पेन्शन आहे, हळूहळू होईल, तू त्या लोकांच्या नादी लागू नको. म्हातारपणी माझी चौकशी करून घ्यायची नाही मला.

बसमध्ये बसून मी हे सगळं परत परत मनात घोळवत राहिले. दुरुस्ती झाली असती, ते खरंच होतं. भाऊही हातभार लावणार होता. पण कुठल्या तरी कार्यालयात एक कागद कायमचा राहणार होता की ह्या माणसानं पाणी गळू दिलं आणि बघितलं नाही. आणि हा माणूस कोण, तर दात घासताना नळ बंद करायला शिकवत ज्यानं हजारो पोरं मोठी केली. भांडी धुतलेलं पाणी कडुनिंबाला घालणारा. मला राग येत होता, पण रागापेक्षा एक गोष्ट स्पष्ट झाली होती. हा शब्द मी त्या कागदावर राहू देणार नव्हते. दावा मंजूर होवो न होवो.

पहिल्यांदा मी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. फोटो जोडले. त्यांचं उत्तर आलं ते आधीच्याच पत्राची नक्कल होतं, फक्त वर माफीचं एक वाक्य. फोन केला की प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचं. माझ्या ड्यूटीच्या मधल्या वेळात, स्टोअररूममध्ये उभी राहून मी हे फोन करायचे. एक सहकारी म्हणाली, सोड ना ताई, कशाला डोकं खराब करून राहिलीस. नात्यातल्या एका वकिलानं सांगितलं की ग्राहक न्यायालयात जाता येईल, पण वेळ लागेल. त्याआधी विमा लोकपालाकडं जा, तिथं फी नाही आणि वकिलाची गरजही नाही, तुझं तूच बोलायचं.

मी तेच केलं. तक्रार मराठीतच लिहिली. लिहिताना सुचत नव्हतं, कारण मला सगळं एकदम सांगायचं होतं, आजीपासून. मग मी वॉर्डात डॉक्टरांना पेशंटबद्दल सांगते तसं लिहिलं. काय दिसलं, कुठं दिसलं, आधी काय होतं, नंतर काय झालं. कंपनीकडं सर्व्हेअरच्या फोटोंची प्रत मागितली. ती बऱ्याच तगाद्यानंतर आली. ज्या फोटोवर सगळी मदार होती, तो त्या लोणा लागलेल्या बाहेरच्या भिंतीचा होता. फुटलेल्या पाइपाची भिंत घराच्या आत, पार दुसऱ्या बाजूला, आणि वरच्या मजल्यावर. तिचा फोटो त्यांच्याकडं नव्हताच.

दादांना मी हे आधी सांगितलं नव्हतं. सुनावणीची तारीख आली तेव्हा सांगावंच लागलं, कारण ती मोबाइलवर, व्हिडिओवर होणार होती, आणि घरात राहणारे तेच होते. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "तू मला न विचारता केलंस." मी म्हटलं, हाव, केलं. ते उठून आत गेले. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत बसले. थोड्या वेळानं ते बाहेर आले आणि विचारलं, शर्ट कुठला घालू.

सुनावणीच्या दिवशी मी रजा काढून लातूरला होते. खालच्या खोलीचं छत अजून तसंच, सळया दिसणारं. आम्ही वरच्या खोलीत टेबलावर पुस्तकांची चळत लावून तिच्यावर मोबाइल उभा केला. दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, शाळेत निरीक्षक आल्यावर बसायचे तसे ताठ बसले. अक्का दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना सांगितलं होतं की मधे बोलायचं नाही.

पडद्यावर लोकपाल कार्यालयातल्या एक बाई अधिकारी होत्या, आणि कंपनीच्या बाजूनं एक गृहस्थ. गृहस्थ आधी बोलले. जुनी ओल होती, घरमालकानं स्वतः कबूल केलंय की ती पहिल्यापासून आहे, त्यामुळं ही अचानक घडलेली घटना नाही. दादांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मग माझी पाळी आली. मी सांगितलं की कबूल केलेली ओल वेगळ्या भिंतीची आहे. माझे फोटो पडद्यावर दाखवले, पाइपाचा चिरलेला तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. बाईंनी कंपनीच्या गृहस्थांना विचारलं, तुमचा फोटो घरातल्या कुठल्या भिंतीचा आहे? त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, अहवालात तसं नमूद नाही.

मग बाईंनी दादांकडं बघून विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का?

दादांनी घसा साफ केला. मला वाटलं ते अपमानाबद्दल बोलतील. पण ते वर्गात समजावून सांगायचे तसं, सावकाश बोलले. "मॅडम, आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. आलेलं पाणी टाकीत साठवायचं आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं. माझी टाकी महिनोन्‌महिने गळत असती, तर मी प्यायलो काय असतो? मी रोज सकाळी टाकी वाजवून बघतो. इथं सगळेच बघतात. लातुरात पाइप गळतोय आणि घरच्याला माहीत नाही, असं होत नाही. हा पाइप फुटला, गळत नव्हता."

बाई थोडा वेळ लिहीत राहिल्या. दाराशी अक्कांना राहवलं नाही, त्या म्हणाल्या, "न्हाई तर काय." बाईंनी ते ऐकलं असावं, कारण त्या किंचित हसल्या. विचारलं, त्या कोण. मी सांगितलं, शेजारीण, यांच्या मुलानं कॉक बंद केला. मग त्यांनी अक्कांना पुढं बोलावलं, टाकीत किती पाणी उरलं होतं ते विचारलं. मुलानं जे सांगितलं होतं ते अक्कांनी सांगितलं, आणि आदल्या संध्याकाळपर्यंत दाराखाली पाण्याचा थेंब नव्हता, मी स्वतः तिथं बसून शेंगा सोलल्यात, हेही सांगितलं. ते आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

मोबाइल बंद झाल्यावर दादांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि पाणी मागितलं. आपण बरं बोललो का, असं त्यांनी मला विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क देणाऱ्या माणसानं मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हटलं, बरं बोललात.

निकाल यायला वेळ लागला, पण आला. पाइप अचानक फुटल्यामुळं इमारतीचं नुकसान झालं असं मानून कंपनीनं ते भरून द्यावं, आणि हलगर्जीपणाचा निष्कर्ष पुराव्याला धरून नाही. पुस्तकांचं आणि बाकांचं मात्र काही मिळालं नाही. आमचा विमा फक्त इमारतीचा होता, आतल्या सामानाचा नव्हता, आणि तेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मला वाईट वाटलं, कारण माझ्या दृष्टीनं त्या घरात पुस्तकंच महागाची होती. दादांना तेवढं वाटलं नाही. म्हणाले, हे त्यांचं बरोबर आहे, आपण सामानाचा उतरवलाच नव्हता. बरोबर असेल ते बरोबर म्हणायचं. मग त्यांनी हलगर्जीपणाचं ते वाक्य मला परत वाचायला सांगितलं. डोळा आता चांगला झाला होता, ते स्वतः वाचू शकत होते. पण त्यांना ते ऐकायचं होतं.

गवंडी आला, छताला गिलावा झाला, लाद्या बसल्या, विजेचं फिटिंग नवं झालं. पाइप भिंतीच्या बाहेरून घेतला, डोळ्यांसमोर राहील असा. पुस्तकं आम्ही गच्चीवर वाळवली होती. काही चांगली राहिली, काहींची पानं सुटी झाली, काही टाकून द्यावी लागली. मुली परत आल्या तेव्हा त्यांनी सुट्या पानांची पुस्तकं शिवून काढली. त्यांच्यातल्या एकीला तोवर पोलीस भरतीचा कॉल आला होता. ती घरी वाचून पास झाली, आणि निकाल सांगायला दादांकडं आली तेव्हा छताकडं बघून म्हणाली, आता पंखा मधोमध आला, बरं झालं.

उन्हाळा संपत आला तेव्हा मी आणि दादा बँकेत गेलो, आतल्या सामानाचा विमा उतरवायला. काउंटरवरचा तरुण कर्मचारी म्हणाला, काका, इथं सही करा, सगळं त्यात आलं. दादांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मागं रांग होती. तो म्हणाला, घरी नेऊन वाचलं तरी चालेल. दादा म्हणाले, सही इथं करायची तर वाचायचंही इथंच. ते एका ओळीवर थांबले, तिच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "अभ्यासिकेची पुस्तकं घरसामानात धरता का तुम्ही? फुकट चालते ती."

त्याला माहीत नव्हतं. वर विचारावं लागेल म्हणाला.

"विचारा," दादा म्हणाले. "आम्ही बसतो." आणि माझ्या हाताला धरून ते भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले.